दुसरी पुडी

त्या घरात सगळे तिला सूनबाईच म्हणत. सासऱ्यांनी म्हणावं हे ठीक, पण शेजारीपाजारी, दूधवाला, इतकंच काय, चारचौघांत तिचा नवराही तिला सूनबाई म्हणे. सुरुवातीला तिला त्याचा राग यायचा. मग तिने तो सोडून दिला, कारण रागवायला वेळ लागतो आणि वेळेचीच तिच्याकडे टंचाई होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची आणि घरी आलं की सासऱ्यांच्या मागून फिरायचं, अशा दोन नोकऱ्या ती करत होती. पहिलीचा पगार मिळत होता. दुसरीचा नवरा सोडून कोणाला गंधही नव्हता.

ही दुसरी नोकरी तिच्या गळ्यात कशी पडली ते सांगतो. बाबा, म्हणजे तिचे सासरे, उभा जन्म बेकन, म्हणजे मीठ मुरवून धुरावलेलं डुकराचं मांस, करत आले होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं लहानसं दुकान होतं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी ते विकून टाकलं, पण हातातलं कसब कोणाला विकता येतं? ते त्यांच्याबरोबर घरी आलं. मागच्या अंगणात एक जुनं लोखंडी कपाट होतं. कधीकाळी त्यात कपडे असत. आता त्याच्या डोक्याला भोक पाडून धुराडं बसवलं होतं, आत आकड्यांना मांसाचे तुकडे लटकत आणि खाली सफरचंदाच्या लाकडाचा भुसा धुमसत राही. शेजारची बाई वाळत घातलेले कपडे काढताना त्या धुराला नाकं मुरडायची आणि संध्याकाळी वाटी घेऊन दारात हजर व्हायची.

बाबा म्हणत, बेकन हा मिठाचा मुलगा आणि साखरेचा जावई, दोन्ही घरी त्याचा मान राहिला पाहिजे. म्हणून एकाच तुकड्याच्या ते दोन तऱ्हा करत. अर्धं बेकन कांद्याबरोबर परतून, अंडी आणि चीज घालून पायमध्ये, म्हणजे मैद्याच्या पारीत भरून ओव्हनमध्ये भाजायच्या त्या इंग्रजी पदार्थात, जायचं. उरलेल्याच्या पट्ट्यांना ब्राऊन शुगर आणि मिरपूड चोळून त्या ओव्हनमध्ये, अगदी कडकडीत होईपर्यंत. शिवाय सफरचंद आणि कांद्याचा जॅम असायचा, त्यात बेकनचे बारीक तुकडे. तो गोड की खारट यावरून घरात वाद व्हायचे आणि वाद मिटेपर्यंत बरणी संपलेली असायची.

सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला अंडं धड उकडता येत नव्हतं. बाबांनी तिला सगळं शिकवलं आणि शिकवताना एकदाही हसले नाहीत. तिने पहिला पाय जाळला तेव्हा खालचा कोळसा सुरीने खरवडून काढून वरचा भाग त्यांनी तिच्यासमोर बसून खाल्ला आणि म्हणाले, मीठ बरोबर पडलंय. माणूस अशा गोष्टींवर जीव टाकतो. तिनेही टाकला होता.

आणि आता गेल्या वर्षभरात बाबा विसरायला लागले होते. तीच गोष्ट जेवताना सांगत आणि हात धुताना परत सांगत. नळ वाहता राही. एकदा दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात सापडली. एकदा गॅस चालू राहिला आणि भांडं लाल होईपर्यंत तापलं. त्या दिवशी तिने न राहवून विचारलं, "बाबा, गॅस बंद केला होतात ना?" ते उठून गेले. पुढे कितीतरी दिवस स्वयंपाकघराकडे फिरकले नाहीत, खिडकीशी नुसते बसून राहिले. जेवताना 'पुरे' आणि 'चालेल' याखेरीज तोंडातून शब्द नाही. नवरा म्हणाला, विचारू नकोस, गुपचूप बघून घेत जा. नवऱ्यांना हे बरं जमतं. सल्ला त्यांचा, पाय दुखणार बायकोचे.

तेव्हापासून ती बघून घेत होती. बाबा स्वयंपाकघरातून बाहेर पडले की पाणी प्यायच्या निमित्ताने ही आत. गॅस बघायचा, नळ बघायचा, फ्रिजचं दार बघायचं. कालवणात मीठ पडलं नसेल तर घालायचं, दोनदा पडलं असेल तर बटाटा टाकायचा. बाबांना पत्ता लागू द्यायचा नाही. त्यांना वाटायचं, आपलं चाललंय ठीक. तिला वाटायचं, वाटू दे.

पण थोरल्या नणंदेच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नव्हतं. ताई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मागच्या खेपेला त्या आल्या तेव्हा बाबांनी न्हाणीघरातला नळ चालू ठेवला आणि पाणी थेट बैठकीच्या खोलीत आलं. ताईंनी पदर खोचून पाणी काढलं आणि घरी पोचल्यावर भावाला फोन केला. आमच्या खालच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे, म्हणाल्या. बाबांना इथे आणू. सगळं हातात मिळेल, स्वयंपाकघरात पाय टाकायची गरज पडणार नाही. त्या प्रेमाने बोलत होत्या, यात शंका नाही. पण सूनबाईने 'पाय टाकायची गरज पडणार नाही' एवढंच ऐकलं. खिडकीशी बसलेले बाबा तिने पाहिले होते. तशी खिडकी ताईंच्या त्या खोलीतही असणारच.

शेवटी असं ठरलं की ताई रविवारी जेवायला येतील, बाबांना स्वतःच्या डोळ्यांनी बघतील आणि मग काय ते बोलू. बरोबर त्यांची लेक, सूनबाईची भाची, हीही येणार होती. तिला दिवस गेले होते आणि आजोबांच्या साखर लावलेल्या पट्ट्या खायचे डोहाळे लागले होते. बाबांना रविवारच्या बोलण्याची कोणी कल्पना दिली नव्हती. त्यांना एवढंच कळलं होतं की नात बेकन मागतेय. माणूस दहा वर्षांनी लहान झाला.

आता मिठाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच झाला. बेकनला दोन मिठं लागतात. एक आपलं साधं, मूठभर. दुसरं गुलाबी. ते मुद्दाम रंगवलेलं असतं, म्हणजे कोणी चुकून जेवणात घालू नये. ते लागतं चिमूटभरच, पण त्या चिमटीवर सगळं अवलंबून. ते पडलं नाही तर मांस आतून नासतं आणि वरून कळतही नाही. जास्त पडलं तर ते मीठच विष. बाबा ते लहान तराजूत तोलायचे. तेव्हा कोणी बोलायचं नाही, पंखा लावायचा नाही. तोललेलं मीठ कागदाच्या पुडीत बांधायचं आणि सगळ्यात शेवटी मांसाला चोळायचं, अशी त्यांची पद्धत.

रविवारच्या आठ-दहा दिवस आधी सूनबाई दुकानातून घरी आली तेव्हा बाबा काम आटपून आडवे झाले होते. मांस मसाला लावून, पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवलेलं होतं. ती नेहमीसारखी पाणी प्यायला आत गेली. गॅस बंद. नळ बंद. आणि फ्रिजवरच्या फळीवर गुलाबी मिठाची पुडी, न उघडलेली.

तिने पुडी हातात घेतली. बाबा मुख्य मीठच लावायचं विसरले होते. विचारावं तर पुन्हा ती खिडकी. गप्प बसावं तर नासकं मांस, आणि तेही ताईंच्या ताटात. तिने पिशवी सोडली, पुडीतलं मीठ मांसावर सगळीकडे सारखं भुरभुरलं, चोळलं, बाबा बांधतात तशीच गाठ मारली आणि कागद चुरगळून शेजारच्यांच्या कचऱ्यात टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत तिने हात धुतले. खोटं कशाला सांगू, तिला त्या दिवशी स्वतःचं कौतुकही वाटलं.

मांस मुरलं, धुऊन कपाटात धुरावून झालं आणि रविवार उजाडला. नवरा पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेला. पाय ओव्हनमध्ये होता. साखरेच्या पट्ट्या ओट्यावर निवत ठेवल्या होत्या. जॅम मोठ्या काचेच्या वाडग्यात थंड होत होता आणि घरभर असा वास सुटला होता की शेजारीण एकदा मीठ मागून आणि एकदा मीठ परत करून गेली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सूनबाईची मान मात्र सकाळपासून आखडली होती. गॅस, नळ, फ्रिज, परत गॅस. आजचा दिवस निभला की झालं, एवढंच तिचं चाललं होतं.

"नव्या तुकड्याला मीठ लावायला घेतो," बाबा म्हणाले. "थोरली येईल तेव्हा माझे हात चालू दिसू देत. परवा फोनवर विचारत होती, बाबा, अजून जमतं का सगळं."

म्हणजे रविवारच्या बोलण्याचा त्यांनाही वास लागला होता. त्यांनी मांस परातीत काढलं, पुसून कोरडं केलं, साधं मीठ आणि साखर कालवली. मग हात वर करून फ्रिजवरची फळी चाचपली. एकदा चाचपली, परत चाचपली. टाचा उंचावून पाहिलं.

"सूनबाई, इथली पुडी कुठे गेली?"

"कुठली पुडी?" तिने विचारलं. कांदा कापत होती, कापत राहिली.

बाबा जरा ओशाळले. मग दाराकडे बघून, आवाज उतरवून म्हणाले, "तुला सांगायला हरकत नाही. हल्ली माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही गं. म्हणून मी एक करतो. मांसाला गुलाबी मीठ लावून झालं की लगेच पुढच्या खेपेची पुडी तोलून बांधायची आणि इथे ठेवायची. पुडी दिसली की समजायचं, लावून झालंय. पुडी नाही, म्हणजे लावायचं राहिलंय. चांगली युक्ती आहे, काय?"

तिच्या हातातली सुरी थांबली.

युक्ती चांगलीच होती. बाबांनी त्या दिवशी मीठ लावलं होतं, बरोबर लावलं होतं, आणि वर खूण म्हणून पुढची पुडी फळीवर ठेवली होती. ती खूण हिने मांसात ओतली होती. बाबा आपलं विसरणं तिच्यापासून लपवत होते, ती आपलं बघून घेणं बाबांपासून लपवत होती, आणि दोघांच्या लपवाछपवीत त्या मांसात दुप्पट विष गेलं होतं. ते मांस आता पायमध्ये होतं, जॅममध्ये होतं, साखर लावून ओट्यावर चकाकत होतं. आणि ते खायला पोटुशी मुलगी वाटेत होती.

बाबा तोवर खण उघडून बघत होते. फ्रिजमागे बघितलं. शर्टाचे खिसे बघितले, जो शर्ट त्यांनी तासाभरापूर्वी घातला होता. चेहऱ्यावरचं हसू कमी कमी होत गेलं.

"ठेवली होती मी," ते म्हणाले. "मला दिसतेय ना ठेवलेली." मग ते स्टुलावर बसले आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "की नव्हतीच ठेवली?"

इथे तिने सांगायला हवं होतं. सांगणारा म्हणून मी तिची बाजू घेणार नाही. तोंड उघडायला किती वेळ लागतो? पण तिने सुरी परत कांद्यावर ठेवली. सांगायचं म्हणजे वर्षभर तुमच्या मागून फिरतेय हे सांगायचं, तेही आज, ताई दारात येत असताना. "सापडेल, बाबा," एवढंच ती म्हणाली, आणि ते बोलताना तिला स्वतःची लाज वाटली.

मग मन पळवाटा शोधायला लागलं. चिमटीची दुप्पट म्हणजे शेवटी दोन चिमट्याच. मांस धुतलं होतं, त्यात काही निघून गेलं असेल. मोठ्या माणसांना कदाचित कळणारही नाही. पण लगेच भाचीचं पोट डोळ्यांसमोर आलं आणि सगळ्या पळवाटा बंद झाल्या. हे जेवण कोणाच्या तोंडी जाता कामा नये. मग निदान कारण न सांगता ते वाया घालवता येईल का? जळलं म्हणता येईल. सुनेच्या हातून पाय जळतो, त्यात नवल काय, एकदा जळलाच होता. बाबांची पाठ होती तेवढ्यात तिने ओव्हनच्या आचेचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

ती भांडी घासत राहिली. करपल्याचा पहिला वास येतो न येतो तोच बाबा स्टुलावरून उठले. माणूस पुडी विसरेल, नळ विसरेल, पण त्यांच्या नाकाला विसरणं ठाऊक नव्हतं. त्यांनी ओव्हन बंद केला, पाय बाहेर काढला, कड नखाने टोकरून पाहिली आणि तो वाचला म्हणून सुस्कारा सोडला.

"सूनबाई, लक्ष कुठे आहे तुझं?" ते म्हणाले. रागाने नव्हे, काळजीने.

तिला रडू आलं. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं.

भाची सरळ स्वयंपाकघरातच आली. पोट सांभाळत, चपला दारातच इकडे तिकडे भिरकावून, आजोबा आजोबा करत. बाबांच्या गळ्यात एक हात टाकला आणि दुसऱ्या हाताने ओट्यावरची साखरेची पट्टी उचलली. मागोमाग ताई आल्या. त्यांची नजर आत येतायेताच फिरली: नळ, गॅस, जमीन. सूनबाईला ती नजर ओळखीची होती. तिची स्वतःचीच होती.

भाचीने पट्टी तोंडाकडे नेली.

"खाऊ नकोस," सूनबाई म्हणाली, आणि नुसती म्हणाली नाही, तिच्या हातातून पट्टी हिसकावून घेतली. तिचा आवाज चढला होता. भाचीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नवरा पाहुण्यांच्या पिशव्या घेऊन दारात थबकला.

ताईंनी सूनबाईकडे बघितलंच नाही. त्यांनी वडिलांकडे बघितलं. "बाबा," त्यांनी हळूच विचारलं, "काय झालं?"

बाबा ओट्याला धरून उभे होते. फळीकडे बघत होते. त्यांच्या डोक्यात हिशेब चालला होता आणि तो कुठे चाललाय हे सूनबाईला दिसत होतं. पुडी नाही, म्हणजे लावायचं राहिलंय. त्यांचाच नियम.

"टाकून द्या सगळं," ते म्हणाले. "गुलाबी मीठ लावायचं राहिलं माझ्याकडून. मांस आतून गेलेलं असणार. सूनबाईला कळलं म्हणून बरं, नाहीतर आज मी..." त्यांनी नातीच्या पोटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ताई जवळ गेल्या. त्यांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणूनच मी म्हणत होते, बाबा," त्या म्हणाल्या. आवाजात विजय वगैरे काही नव्हता. "चला ना माझ्याकडे."

"येतो," बाबा म्हणाले. "येतो मी."

आता बघा, गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं. जेवण कचऱ्यात जाणारच होतं. भाचीला काही होणार नव्हतं. सूनबाईची झाकलेली मूठ झाकलेलीच राहिली असती, आणि तिची ती दुसरी नोकरीही सुटली असती. गप्प बसल्याने सगळ्यांचं भलं होत होतं. एक बाबा सोडून. सूनबाईने ते 'येतो' ऐकलं. जाळलेला पाय तिच्यासमोर बसून खाल्लेला माणूस, आणि त्याचा आवाज इतका लहान.

"बाबांनी मीठ लावलं होतं," ती म्हणाली. "बरोबर लावलं होतं. मी परत लावलं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने सांगून टाकलं. पुडी दिसली, तिला वाटलं राहिलं, तिने पिशवी सोडून पुडी ओतली, गाठ मारली, कागद शेजारच्यांकडे टाकला. ती खूण होती हे तिला आज, मघाशी कळलं. कळल्यावरही ती गप्प बसली. ओव्हनसुद्धा तिनेच वाढवला होता. बोलताना ती कोणाकडेच बघत नव्हती.

"पण तुला असं वाटलंच का," ताईंनी विचारलं, "की ते विसरले असतील?"

प्रश्न साधा होता आणि त्यातून सुटका नव्हती. बाबांना वाचवायला ती जे बोलली होती, तेच आता त्यांच्या अंगावर येत होतं. विसरत नाहीत म्हणावं तर ही पुडी ओतली कशाला? विसरतात म्हणावं तर ताईंचंच खरं.

"विसरतात म्हणून," ती म्हणाली. "मी वर्षभर त्यांच्या मागून सगळं बघत असते."

बाबांनी मान वर केली.

"गॅस?"

"कधी बंद असायचा. कधी नसायचा."

"आणि कालवणात बटाटा?"

"मीठ दोनदा पडायचं तेव्हा."

"मला वाटायचं, तुला बटाटा आवडतो," बाबा म्हणाले. भाचीला त्याही परिस्थितीत हसू आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. बाबा हसले नाहीत. ते सुनेकडे असे बघत होते की तिला वाटलं, आता हे पुन्हा कधी आपल्याशी बोलणार नाहीत. "सांगायचंस," ते म्हणाले. "एवढं वर्षभर. मी आपला समजत होतो, अजून जमतंय."

"जमत होतं, बाबा. बरंचसं जमत होतं."

"ते तुला माहीत होतं. मला नव्हतं."

ताईंनी डोळे पुसले. नवऱ्याने पिशव्या खाली ठेवल्या आणि परत उचलल्या. मग ताईंनी पुन्हा तोच विषय काढला, पण आता जपून. म्हणाल्या, म्हणजे आजचा दोष बाबांचा नव्हता हे मान्य. पण उद्याचं काय? ही दिवसभर दुकानात. माझ्याकडे असं काही व्हायची शक्यताच नाही.

"नाही होणार," बाबा म्हणाले. "तुझ्याकडे माझ्या हातून एकही चूक होणार नाही, पोरी. तू मला काही करूच देणार नाहीस."

"मला तुम्ही हवे आहात, बाबा. अजून खूप दिवस."

"माहीत आहे. म्हणून तर मघाशी येतो म्हणालो. घाबरलो होतो." त्यांनी ओट्यावरचा ट्रे जवळ ओढला. "अजूनही घाबरलोय. पण खिडकीशी बसवून ठेवलंस तर मी काय विसरलो हे बघण्यासारखंसुद्धा काही उरणार नाही."

त्यांनी ट्रे उचलला. साखरेच्या पट्ट्या कचऱ्याच्या पिशवीत ओतल्या. मग जॅम, वाडगा चमच्याने निपटून. पाय मात्र त्यांनी क्षणभर हातात धरला. कड फक्त एका बाजूला काळी झाली होती, बाकी सोन्यासारखा फुलला होता. नातीकडे बघून त्यांनी तोही टाकला. सूनबाई पिशवीचं तोंड धरून उभी होती. त्यांनी ती तिच्या हातातून घेतली नाही. भाची म्हणाली, मला फार भूक लागलीय. तेव्हा ताईंनी पदर खोचला, अंडी कुठे आहेत विचारलं आणि गॅस पेटवला. बोलणं संपलं नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. दोन महिन्यांनी मी परत येईन, त्या तव्याकडे बघत म्हणाल्या, आणि तेव्हा बघू. बाबा म्हणाले, ये.

परातीतला नवा तुकडा तसाच पडला होता. बाबांनी पुन्हा तराजू काढला. पंखा बंद केला. गुलाबी मीठ तोलायला घेतलं, पण काटा एका जागी ठरेना. सूनबाई सवयीने मागे, दाराशी जाऊन उभी राहिली होती, जिथून तिला सगळं दिसायचं आणि ती कोणाला दिसायची नाही.

"तिथे नको," बाबा न वळता म्हणाले. "इकडे ये."

ती ओट्याशी त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. काटा थांबेपर्यंत दोघं त्याच्याकडे बघत राहिली. मग बाबांनी मीठ मांसावर भुरभुरलं, उलटून पालटून सगळीकडे चोळलं, कडा, कोपरे, चरबीच्या खाचा. पिशवीत घालून गाठ मारली. हात धुतले. नळ बंद केला. आणि मग, रागाने की भीतीने कोण जाणे, आवाज चढवून त्यांनी विचारलं, "लावलं का मी?"

"लावलंत, बाबा," ती पुटपुटली.

"मोठ्याने सांग," ते म्हणाले. "सगळ्यांना ऐकू दे."

ताईंनी तव्यावरचं उलथनं थांबवलं. सूनबाईने डोळे पुसले आणि मोठ्याने सांगितलं.